मागे घर, पुढे घाट

कल्याण हे गाव ओझ्यांच्या वाहतुकीवर वाढले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा 'कल्लिएना' असा उल्लेख येतो आणि कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आढळते. बंदरात उतरलेला माल देशावर चढविण्यासाठी नाणेघाटाची वाट होती. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा रांजण म्हणून आजही प्रवाशांना दाखविला जातो. या वाटेवर माल चढत असे तो बैलांच्या पाठीवरून. गोणीच्या दोन्ही बाजू समान भरल्या नाहीत, तर बैल कितीही दणकट असला तरी चढावर त्याचा पाय घसरणारच, हे तांड्याच्या नायकास कोणी शिकवावे लागत नसे.

पुढे याच मुलखात लोखंडी रूळ आले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास निघालेल्या पहिल्या प्रवासी गाडीस १४ डबे होते आणि ते ओढण्यास साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने जोडली होती. १८५४ मध्ये रूळ कल्याणपर्यंत पोहोचले आणि १८६५ मध्ये थळघाट ओलांडून गाड्या इगतपुरीकडे जाऊ लागल्या. आज या परिसरात ओझे वाहणारी वाहने इतकी झाली आहेत, की मुंब्रा बायपास, खारेगाव, माणकोली आणि भिवंडीची गोदामे यांच्या दरम्यान कंटेनरच्या ट्रेलरांची रांग दिसली नाही, तर प्रवाशास चुकल्याचुकल्यासारखे वाटावे.

या रांगेत आता एका निराळ्या ओझ्याची भर पडण्याची चिन्हे आहेत. ते ओझे म्हणजे चाकांवरचे घर.

जुन्या वाटेवरची नवी हौस

सहलीसाठी घर बरोबर नेण्याची कल्पना जुनी आहे. १८८५ मध्ये इंग्लंडात डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी 'वाँडरर' नावाची घोड्यांनी ओढावयाची निवासी गाडी बांधवून घेतली. केवळ आनंदासाठी बांधलेली ती पहिली कॅरॅव्हॅन मानली जाते. पुढे घोड्यांची जागा मोटारीने घेतली आणि युरोप-अमेरिकेत मोटारीमागे घर ओढीत सुट्टीवर जाणे ही सर्वसामान्य गोष्ट झाली. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले, त्याच वर्षी केरळनेही तसेच पाऊल उचलले. कॅरॅव्हॅनचे दोन प्रकार असतात. पहिल्यात इंजिन आणि निवास एकाच सांगाड्यावर असतात, तर दुसऱ्यात निवासाचा ट्रेलर स्वतंत्र असून तो मोटारीस जोडून ओढावा लागतो. या दुसऱ्या प्रकाराचा विचार येथे कर्तव्य आहे, कारण त्यातील धोका दिसण्यास साधा आणि प्रत्यक्षात गुंतागुंतीचा आहे.

व्यापारी कुटुंबांस या कल्पनेचे आकर्षण वाटावे, यास सबळ कारण आहे. ज्या घरात कांदा-लसूण वर्ज्य, पाणी गाळून व उकळून घेण्याचा नेम आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची रीत असते, त्या घराची सहल हॉटेलच्या वेळापत्रकावर चालत नाही. आजपर्यंत अशी कुटुंबे डबे, खाकरे, स्टोव्ह आणि प्रसंगी महाराजही बरोबर घेऊन निघत आली आहेत. स्वतःचे स्वयंपाकघरच मागे जोडून नेता आले, तर वृद्ध आई-वडिलांसह दूरचा प्रवास सुकर होईल, हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. त्यातच दारी एअर सस्पेन्शन असलेली मोठी एसयूव्ही उभी असेल, तर 'ही गाडी काहीही ओढील' असा विश्वास घरातील तरुणांच्या मनात सहज निर्माण होतो. हा विश्वास कितपत खरा आहे, हे जोडणी करण्यापूर्वी तपासून पाहिलेले बरे.

हवेच्या उशीचे काम

एअर सस्पेन्शन म्हणजे काय, हे डोंबिवलीकरास सांगण्यासाठी महागड्या मोटारीचे उदाहरण देण्याची गरज नाही. सकाळी आठच्या सुमारास फलाटास लागणाऱ्या लोकलकडे पाहिले तरी पुरे. मुंबई रेल्वे विकास महामंडळाने २००७ पासून उपनगरी मार्गांवर आणलेल्या नव्या गाड्यांत डब्याखाली रबरी वायुधानी बसविलेल्या आहेत. माणसे आत शिरतात तसा डब्याचा भार वाढतो, डबा किंचित खाली बसू लागतो आणि ते जाणवताच झडप उघडून वायुधानीत अधिक हवा भरली जाते. डबा पुन्हा मूळ उंचीवर येतो. लोखंडी स्प्रिंग असती, तर गर्दीच्या वेळी डबा फलाटापेक्षा बराच खाली गेला असता. ठाण्याहून पुण्यास जाणारी शिवनेरी बस खड्ड्यांवरून जाताना अंगास फारसा हिसका देत नाही, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

मोटारीत याच रचनेस उंची मोजणारे संवेदक, हवा भरणारा कॉम्प्रेसर आणि नियंत्रण करणारा संगणक यांची जोड दिलेली असते. ट्रेलर जोडताना तिचा मोठा उपयोग होतो. मोटार थोडी खाली करून जोडाच्या गोळ्यास ट्रेलरच्या तोंडाखाली आणता येते आणि मग वर उचलून जोडणी पूर्ण करता येते. ट्रेलरचा भार मागे पडला, तरी मोटारीची मागची बाजू दबून पुढचे दिवे आकाशाकडे पाहू लागत नाहीत. दोन आसांचा ट्रेलर असेल, तर त्याचा सांगाडा जमिनीस समांतर राहून दोन्ही आसांवर सारखा भार येणे आवश्यक असते, त्यासही मदत होते. काही मोटारी वेग वाढला की आपली उंची आपोआप कमी करतात. ट्रेलरच्या दिव्यांची व ब्रेकची विद्युत-जोडणी लागली, की कित्येक गाड्यांत ही सवय तात्पुरती बंद पडते. म्हणून ती जोडणी कामचलाऊ तारांनी न करता योग्य सॉकेटनेच करावी.

तथापि या सोयीत एक भ्रम दडलेला आहे. हवेची उशी उंची राखते. ती भार नाहीसा करीत नाही. लोखंडी स्प्रिंगची मोटार अती ओझ्याखाली वाकते आणि पाहणाऱ्यास इशारा देते. एअर सस्पेन्शनची मोटार तेच ओझे घेऊनही ताठ उभी राहते. हिशेबनीसाच्या भाषेत सांगायचे, तर येथे ताळेबंद जुळलेला दिसतो, पण देणे कमी झालेले नसते.

जू आणि आस

हे देणे कोणाच्या खात्यावर पडते, हे समजण्यास बैलगाडीसारखा शिक्षक नाही. दोन चाकांच्या गाडीत माल आसाच्या मागे अधिक भरला, तर गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्यास फास बसू लागतो. माल फार पुढे भरला, तर सारे वजन बैलांच्या मानेवर येते. शहाणा गाडीवान आसावर बहुतेक भार ठेवून मानेवर बेताचे वजन येईल अशी मांडणी करतो. कॅरॅव्हॅनच्या बाबतीत हाच नियम जसाच्या तसा लागू पडतो. तिच्या तोंडाकडून मोटारीच्या जोडावर जो उभा भार येतो, तोच मानेवरचा भार होय. अमेरिकी प्रघातानुसार हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. युरोपात ट्रेलरची बांधणी निराळी असल्याने तो याहून कमी धरतात. भार फार कमी झाला, तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे शेपूट हलवू लागतो आणि ती हालचाल वाढत गेली, तर मोटारीसकट सर्व काही उलटू शकते.

आता थोडे गणित पाहू. समजा, ट्रेलरचे भरलेले वजन २,५०० किलो आणि जोडावरचा भार २५० किलो आहे. मोटारीच्या पुढच्या व मागच्या आसांतील अंतर ३ मीटर आणि जोड मागच्या आसाच्या १.२ मीटर मागे आहे. हा भार मागच्या आसाच्या पलीकडे टांगलेला असल्याने तो तरफेसारखे काम करतो. २५० ला १.२ ने गुणून ३ ने भागले असता १०० येतात. म्हणजे पुढच्या चाकांवरचे १०० किलो वजन उचलले जाते आणि मागच्या आसावर २५० ऐवजी ३५० किलोंची भर पडते. पुढची चाके म्हणजे सुकाणू आणि ब्रेकचा मोठा वाटा. तेथील भार हलका झाला, की पावसाळ्यातील ओल्या रस्त्यावर वळण घेताना मोटार चालकाचे ऐकेनाशी होते. एअर सस्पेन्शन मागची बाजू उचलून मोटार सरळ दिसेल असे करते. हे १०० किलो मात्र ती पुढच्या चाकांवर परत आणून ठेवीत नाही. ते काम करणारी पोलादी पट्ट्यांची निराळी जोडणी असते. परंतु हवेच्या उशा असलेल्या काही मोटारींच्या उत्पादकांनी ती वापरण्यास मनाई केली आहे, तर काहींनी तिच्यासाठी ठराविक क्रम सांगितला आहे. अशा बाबतीत मोटारीची पुस्तिका हाच अखेरचा शब्द मानावा.

भिवंडीकडे जाणारा कंटेनर-ट्रेलर याहून कितीतरी जड असतो, मग त्यास हा त्रास का होत नाही? कारण त्याची रचना मुळातच वेगळी आहे. त्याचा पुढचा भाग ओढणाऱ्या ट्रकच्या मागील आसांच्या वरच टेकलेला असतो, आसाच्या मागे टांगलेला नसतो. म्हणून रोज कंटेनर ओढणाऱ्या चालकाचा अनुभव कौतुकास्पद असला, तरी मोटारीमागची कॅरॅव्हॅन ही निराळी विद्या आहे.

वजनकाट्यावरचे तीन आकडे

व्यापाऱ्यास वजनकाट्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. भिवंडी, कळंबोली किंवा डोंबिवली औद्योगिक परिसरात मोठे काटे आहेत आणि प्रवासास निघण्यापूर्वी तेथे अर्धा तास घालविणे हा उत्तम व्यवहार आहे. प्रथम माणसे व सामान यांसह फक्त मोटार काट्यावर घ्यावी. नंतर ट्रेलर जोडून केवळ मोटारीची चाके काट्यावर ठेवावीत. शेवटी मोटार व ट्रेलर दोन्ही काट्यावर घ्यावीत. समजा, हे आकडे अनुक्रमे २,९००, ३,१५० आणि ५,४०० आले. दुसऱ्यातून पहिला वजा केल्यास जोडावरचा भार २५० किलो मिळतो आणि तिसऱ्यातून पहिला वजा केल्यास ट्रेलरचे वजन २,५०० किलो. हे आकडे नंतर नोंदणीपत्र आणि पुस्तिका यांतील मर्यादांशी ताडून पाहावेत.

येथे अनेकांची गफलत होते ती अशी. लँड रोव्हर डिफेंडरसारख्या मोटारीच्या परदेशी माहितीपत्रकात ३,५०० किलोंचा ट्रेलर ओढण्याची क्षमता दिलेली आढळते आणि खरेदीदार तेवढाच आकडा लक्षात ठेवतो. प्रत्यक्षात जोडावरचा भार हा मोटारीत भरलेल्या ओझ्यातच मोजावा लागतो. पाच माणसांचे ३५० किलो, सामानाचे १०० किलो आणि जोडाचे २५० किलो मिळून ७०० किलो होतात. मोटारीची स्वतःची भारक्षमता याच्या आसपास असेल, तर ओढण्याच्या क्षमतेचा मोठा भाग शिल्लक असूनही खाते भरलेले असते. शिवाय परदेशी आवृत्तीचा आकडा भारतात विकल्या गेलेल्या मोटारीस लागू होतोच असे नाही. भारतीय पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याचा उल्लेख नसेल, तर उत्पादकाकडून लेखी उत्तर घ्यावे. ते न मिळाल्यास नकार समजावा.

कायद्याची बाजूही पाहून ठेवावी. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ट्रेलर ही स्वतंत्र संज्ञा असून त्याची नोंदणी करावी लागते. नोंदलेल्या कमाल वजनापेक्षा अधिक भार घालणे कलम ११३ नुसार निषिद्ध आहे आणि त्यासाठीचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये असा आहे. मोटारीच्या विमापत्रात ट्रेलरचा उल्लेख आहे का आणि त्यामुळे तिसऱ्या माणसास इजा झाल्यास विमा लागू पडेल का, हे दोन प्रश्न विमा कंपनीस लेखी विचारावेत. चालत्या ट्रेलरमध्ये कोणासही बसवू नये. आजोबा झोपलेत तर झोपू द्या, हा प्रेमळ विचार येथे घातक ठरतो.

सामानाची मांडणी ही गृहिणीच्या हातची गोष्ट असल्याने तिने हे शास्त्र जरूर जाणून घ्यावे. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. घरगुती सिलिंडर गॅससह सुमारे ३० किलो भरतो. धान्याच्या पिशव्या, पितळी भांडी व तेलाचे डबे खाली आणि आसाच्या जवळ ठेवावेत. वरच्या कप्प्यांत पापड, खाकरे, अंथरूण-पांघरूण अशा हलक्या वस्तू असाव्यात. पाण्याची टाकी अर्धी भरली, तर पाणी हिंदकळून ट्रेलरचा तोल बिघडविते. ती पूर्ण भरावी किंवा रिकामी ठेवून मुक्कामावर भरावी. प्रवासात सिलिंडरची झडप बंद असावी, हे सांगणे न लगे.

कसाऱ्याचा चढ आणि उतार

ठाणे-कल्याणहून बाहेर पडणाऱ्या कुटुंबापुढे घाट हा येतोच. मुरबाडमार्गे गेल्यास माळशेज, शहापूरमार्गे गेल्यास कसारा. शहापूर-आसनगावपर्यंत रस्ता सरळ आहे. मानस मंदिराचे दर्शन घ्यावे, माहुलीचे सुळके डोळे भरून पाहावेत आणि तेथेच टायरची हवा, जोडाची खीळ, सुरक्षा-साखळ्या व मागचे दिवे पुन्हा तपासावेत.

या घाटाचा खरा धडा रेल्वेने दिलेला आहे. थळघाटात रुळांचा चढ ३७ स एक इतका आहे. गाडी कसाऱ्यास आली, की तिच्या मागे जादा इंजिने लावतात. त्यांस 'बँकर' म्हणतात. पुढे आणखी एखादे इंजिन लावले असते तर काय बिघडले असते, असा प्रश्न पडू शकतो. बिघडले असते ते जोडांचे. सारी ओढ पुढून लागली, तर पहिल्या काही डब्यांच्या जोडांवर असह्य ताण येतो. मागून ढकलणारा असला, की तो ताण वाटला जातो. उतारासाठी रेल्वेने कॅच सायडिंग बांधून ठेवल्या आहेत, म्हणजे गाडी आवरली नाही तर ती बाजूच्या चढत्या रुळावर जाऊन थांबावी. मोटारीमागच्या कॅरॅव्हॅनला मागून ढकलणारा बँकर नसतो आणि सारा ताण एका गोळ्यावर व एका खिळीवर येतो, हे घाटात शिरताना ध्यानात असावे.

आपल्या उदाहरणातील ५,४०० किलोंची जोडी २० स एक अशा चढावर असताना केवळ वजनाला वर धरण्यासाठी इंजिनास सतत २७० किलोंची ओढ द्यावी लागते. आधुनिक इंजिनास हे जमते. कठीण असतो तो परतीचा उतार. इगतपुरी आणि कसारा यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. एवढे वजन एवढ्या उंचीवरून खाली उतरते, तेव्हा जवळजवळ साडेचार युनिट विजेइतकी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. ती सारी ब्रेकच्या तबकड्यांत जिरविण्याचा प्रयत्न केला, तर ब्रेक तापून निकामी होतात. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो त्याच खालच्या गिअरमध्ये उतरावे आणि ब्रेक सतत दाबून न धरता थोडा वेळ दाबून सोडावा. एवढ्या वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत आणि जोड तुटल्यास ते आपोआप लागतील अशी तारही हवी.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा नागपूरपर्यंतचा रस्ता पूर्ण झाला. आमणे हे भिवंडी तालुक्यातील गाव कल्याणहून जवळ आहे आणि इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे घाटाची वळणे टळतात. ट्रेलर नेण्यासंबंधीचे तेथील नियम आधी विचारून घ्यावेत. परवानगी असली, तरी तेथे धोक्याचे रूप बदलते एवढेच. रुंद, मोकळ्या रस्त्यावर वेगाचा मोह होतो आणि गतिमान वस्तूतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेग घेतला, तर थांबविण्याचे काम पावणेदोन पट होते. १०० घेतला, तर पावणेतीन पट. शेजारून भरधाव बस गेली, की तिच्या हवेच्या झोताने ट्रेलर डोलू लागतो. अशा वेळी घाबरून जोराने ब्रेक मारू नये किंवा सुकाणू उलटसुलट फिरवू नये. पाय हलकेच वेगावरून काढून घ्यावा, सुकाणू स्थिर धरावे आणि ट्रेलरच्या ब्रेकला हाताने चालविण्याची सोय असल्यास तो हळुवार लावावा. डोलणे थांबल्यावर बाजूस उभे राहून सामानाची मांडणी तपासावी, कारण ते डोलणे बहुधा मांडणीतील चुकीचेच लक्षण असते.

सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची रीत येथे अनायासे उपयोगी पडते. उजेड असतानाच मुक्काम गाठला, तर ट्रेलर उभा करण्यास जागा दिसते आणि अंधारात घाट उतरण्याची वेळ येत नाही.

गल्ली, सोसायटी आणि रस्त्याची कड

घाटापर्यंत पोहोचण्याआधी शहर पार करावे लागते आणि ते काम घाटाहून सोपे नाही. घोडबंदर रस्त्यावरचा गायमुख, कापूरबावडी व माजिवड्याचे चौक, कल्याण-शीळ रस्त्यावरची दाटी यांतून २०-२५ फूट लांबीचे शेपूट घेऊन जाणे सोपे नव्हे. कल्याणचा जुना पत्री पूल २०१८ मध्ये पाडण्यात आला आणि नवा पूल २०२१ मध्ये खुला होईपर्यंत लहान मोटारीही तेथे तासन् तास अडकून पडत, हे कल्याणकर विसरलेले नाहीत. २०२४ मध्ये मोठागाव-माणकोली पूल झाल्यापासून डोंबिवलीकरांना नाशिक महामार्ग जवळ आला. पण एखादा पूल, गल्ली किंवा उड्डाणपूल अशा जोडीसाठी खुला आहे का, हे फलक वाचून व विचारूनच ठरवावे. मागे घेण्याची कला तर मोकळ्या मैदानातच शिकावी. ट्रेलरला उजवीकडे न्यावयाचे असेल, तर सुकाणू आधी डावीकडे वळवावे लागते. हे हातास वळण लागेपर्यंत आठ-दहा सकाळी जातात.

गाडी ठेवण्याचा प्रश्न त्याहून अवघड आहे. डोंबिवलीतील सोसायटीत एका मोटारीच्या जागेवरून सभा गाजतात, तेथे कॅरॅव्हॅनला जागा मिळणे अशक्यच. पडघा-शहापूरच्या बाजूस भाड्याने जागा घ्यावी लागेल. तिचे भाडे, ट्रेलरचा विमा, उभ्या उभ्या जुने होणारे टायर आणि दरवर्षीचा घसारा यांची बेरीज करून ती वर्षातील मुक्कामाच्या रात्रींनी भागावी. बहुतेक कुटुंबांच्या बाबतीत उत्तर असे येईल, की प्रथम एक-दोन वर्षे भाड्याने कॅरॅव्हॅन घेऊन पाहावी, तीही शक्यतो चालकासह आणि एकाच सांगाड्याची. हौस टिकली, तर खरेदीचा विचार करावा. भांडवल अडकविण्यापूर्वी मागणी तपासणे हा दुकानातला नियम घरालाही लागू आहे.

अखेरची बाब हिशेबात बसणारी नाही, म्हणून ती सर्वांत महत्त्वाची. ठाण्याहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या या महामार्गाच्या कडेने पायी चालणारेही असतात. चातुर्मास संपल्यावर विहारास निघालेले साधू-साध्वी पहाटेच्या धूसर उजेडात याच कडेने जातात. पालख्या घेऊन शिर्डीस निघालेले पदयात्री याच घाटाने चढतात. आदिवासी पाड्यांवरच्या स्त्रिया डोक्यावर मोळी घेऊन याच कडेने परततात. ट्रेलर मोटारीपेक्षा रुंद असतो आणि वळणावर त्याची चाके मोटारीच्या चाकांच्या मागोमाग न जाता आतल्या बाजूने कापून जातात. मोटार पादचाऱ्यास सुखरूप ओलांडून पुढे गेली, एवढ्याने चालकाचे काम संपत नाही. मागचे घर अजून ओलांडावयाचे असते. म्हणून दोन्ही बाजूंस लांब दांडीचे आरसे असावेत, डाव्या वळणावर मोटार थोडी पुढे नेऊन मग वळवावी आणि कडेने माणसे दिसताच वेग कमी करून पूर्ण ट्रेलरभर अंतर सोडावे. आपल्या सोयीसाठी ओढून आणलेल्या ओझ्याचा धक्का ज्याच्या खांद्यावर पिशवीसुद्धा नाही त्यास लागू नये, एवढी जबाबदारी ओढणाऱ्याची आहे.

नाणेघाट चढणाऱ्या तांड्यास जी गोष्ट ठाऊक होती, तीच कसाऱ्याच्या बँकरला ठाऊक आहे. ओझे किती उचलावे, हे ओढणाऱ्याच्या बळाइतकेच जोडाच्या बळावर आणि वाटेच्या उतारावर ठरते. कुटुंबाने काट्यावर तीन आकडे घेतले, पुस्तिका वाचली, सामान आसाजवळ मांडले आणि वेग ६० च्या आसपास ठेवला, तर हवेच्या उशीवरची मोटार आणि तिच्या मागचे घर दोन्ही सुखाने इगतपुरीस पोहोचतील. आकडे जुळले नाहीत, तर ट्रेलर पडघ्यास सोडून मोटारीत डबे भरून निघावे. सहल तशीही चांगलीच होते.